नुकसान: निरंक

निवृत्त तलाठी ओळखायची एक सोपी खूण आहे. समोर कप फुटला की बाकीची माणसं केरसुणी शोधतात, तो कागद शोधतो. कप कुठे होता, कोणाच्या ताब्यात होता, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, फुटतेवेळी हजर कोण, हे लिहून सह्या झाल्याशिवाय तुकडे उचलायचे नाहीत. गागोदे बुद्रुकच्या आमच्या भाऊसाहेबांच्या घरी असे तुकडे दुपारपर्यंत पडून राहिलेले मी पाहिले आहेत. काकू ते ओलांडून ओलांडून स्वयंपाक करत होत्या.

त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव मिळालं आहे. भाऊसाहेब तलाठी म्हणून लागले आणि त्यांच्या मते तलाठी म्हणूनच मरणार. नोकरी सगळी रायगड जिल्ह्यातच झाली, पण कायम गावापासून लांबच्या सजांत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, तेव्हा ते शेजारच्या म्हसळा तालुक्यात होते. त्या पावसाळ्यात त्यांनी इतक्या छपरांचे पंचनामे केले की अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी वर बघतात. पत्रा कुठून उडाला याबद्दल कधी वाद नसतो, असं ते सांगतात. कुठे पडला आणि पडल्यावर कोणाचा झाला, यावर असतो.

असा माणूस निवृत्त होऊन गावी आला आणि त्याला गावात पंचनाम्याजोगं काहीच सापडेना. गागोदं शांत गाव. 11 सप्टेंबर 1895 ला विनोबा इथे जन्मले, म्हणून शाळांच्या सहली येतात, जन्मघर बघतात, फोटो काढून परत जातात. विनोबांबद्दल भाऊसाहेबांना आदर आहे, पण तो खात्यामार्फत. ते म्हणतात, ‘‘तेरा वर्षं पायी हिंडून त्यांनी जमिनी मागितल्या, मान्य. पण नुसत्या मागण्याने जमीन दान होत नाही. फेरफार मंजूर झाला की होते. तो कोणी केला? तलाठ्याने.’’

हेलिकॉप्टर सापडलं गणपतीच्या आदल्या आठवड्यात, माळ्यावर. मखर काढायला चढले आणि मखराच्या मागे मुलाची पेटी दिसली. मुलगा पुण्याला हिंजवडीत. लग्नाआधी त्याने हौसेने तैवानचं एक रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टरचं किट मागवलं होतं. एक-दोन रविवार पेटीकडे बघत बसला, मग लग्न ठरलं. पेटी गावच्या माळ्यावर आली, गिटारीच्या शेजारी.

भाऊसाहेबांनी मला निरोप पाठवला. मी चहाच्या आशेने गेलो. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर काकूंची मोदकांची परात, परातीसमोर बंद पेटी आणि पेटीसमोर कोरा कागद. मी पंच क्रमांक एक. पंच क्रमांक दोन म्हणजे पलीकडच्या आळीतला शेतकरी, ज्याच्या खाचरात पुढे हे प्रकरण उडायचं होतं. तो हितसंबंधी असल्याची नोंद भाऊसाहेबांनी त्याच दिवशी करून ठेवली.

पेटी उघडली. कार्बनच्या काळ्या पट्ट्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचा शेपटीचा दांडा, 325 मिलिमीटरची दोन मुख्य पाती, शेपटीची दोन चिमुकली पाती, मोटर, तिचा वेग सांभाळणारं सर्किट, चार सर्व्हो मोटरी, काडेपेटीपेक्षा लहान गायरो आणि स्क्रूंच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर आकडा. एका पुडीवर सहा छापले होते, निघाले आठ. मी म्हटलं, बरंच झालं. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘‘कमी निघाले असते तर साधी गोष्ट होती. जादा निघाले म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पुडीत कमी असणार. तो माणूस आज कुठेतरी शोधत बसला असेल.’’

‘जादा, हक्क अनिश्चित’ असा शेरा मारून दोन स्क्रू वेगळ्या डबीत गेले. पुढे किती वेळा स्क्रू हरवले, पण त्या डबीला हात लागला नाही.

जोडणीची सूचनापुस्तिका त्यांनी शासन निर्णय वाचावा तशी वाचली. धातूत धातू बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या द्रवाचा एक थेंब लावावा, म्हणजे तो हादऱ्याने सुटत नाही. प्लास्टिकला आणि बेअरिंगला तो लागू देऊ नये, असं त्यात स्पष्ट होतं. पण मुलाने फोनवर सांगितलेला शब्द ‘रेकमेंडेड’ असा होता. भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत शिफारस आणि बंधनकारक यांत जमीन-अस्मानाचं अंतर. शिफारशीवरून कोणाला निलंबित केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. थेंब राहिला.

दात्यांची चाकं बसवताना मात्र त्यांचा अनुभव कामी आला. मोटरीच्या टोकावरचं पितळेचं छोटं चाक आणि खालचं प्लास्टिकचं मोठं चाक यांच्यात अंतर किती ठेवायचं, याची जगभरची रीत अशी की दोघांच्या मध्ये कागदाची पट्टी घालून चाकं दाबायची, मोटर आवळायची आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. फार चिकटली तर चाकं गुरगुरतात आणि मोटर तापते. फार सैल राहिली तर दाते झिजतात. आता कागद कोणता? हस्तलिखित सातबारा बंद झाल्यापासून भाऊसाहेबांकडे कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा पडून होता. त्याची पट्टी कापली. चाकं अशी गुळगुळीत फिरली की भाऊसाहेब भरून पावले. ‘‘बघा, संगणकीकृत उताऱ्याच्या कागदाने हे झालं नसतं.’’

हेलिकॉप्टरचा गाभा म्हणजे मुख्य दांड्यावरची डोलणारी थाळी. तिच्या खाली तीन सर्व्हो, एकमेकांपासून 120 अंशांवर. तिघांनी एकदम उचलली की सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि यंत्र वर जातं. एकाने जास्त, एकाने कमी उचलली की थाळी कलते आणि यंत्र त्या अंगाला सरकतं. मला हे समजायला वेळ लागला. भाऊसाहेबांना एका वाक्यात समजलं: त्रिसदस्यीय समिती. आणि जेव्हा वर जाण्याचा हुकूम दिल्यावर दोन सर्व्हो वर आणि एक खाली गेला, तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ‘‘भिन्नमत’’ म्हणाले, आणि रिमोटमध्ये त्या एका सर्व्होची दिशा उलटी करून मत एकमुखी करून घेतलं.

याहून अवघड गोष्ट पुढे होती. फिरत्या पात्यावर तुम्ही इथे जोर दिला तर परिणाम इथे दिसत नाही, पाव फेरा पुढे दिसतो. फिरणाऱ्या प्रत्येक जड वस्तूचा तो धर्म आहे, भोवऱ्यापासून पृथ्वीपर्यंत. म्हणून थाळीच्या जोडण्या नव्वद अंश आधीच वळवून ठेवलेल्या असतात. मुलगा फोनवर जीव तोडून समजावत होता. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘हां. अर्ज पेणला, परिणाम अलिबागला. पुढे बोल.’’

पलीकडे मुलगा थोडा वेळ गप्प झाला.

कापण्या झाल्या, मळण्या झाल्या, खाचरं वाळली. पहाटे डोंगराकडून येणारा मतलई वारा पडतो आणि खारा वारा सुटायला अजून वेळ असतो, तेवढा सकाळचा तासभर हवा हलत नाही. तीच उड्डाणाची वेळ ठरली. त्याआधी भाऊसाहेबांनी 2021 चे ड्रोन नियम मिळवून वाचले आणि खट्टू झाले. दोन किलोच्या आतलं यान हौसेसाठी उडवायचं असेल तर उडवणाऱ्याला परवाना लागत नाही. आपलं तर एक किलोसुद्धा भरत नव्हतं. ‘‘लागत नाही म्हणजे? मग मी अर्ज कोणाला करू?’’ शेवटी त्यांनी पंच क्रमांक दोनकडून, खातेदार या नात्याने, ना हरकत दाखला लिहून घेतला. त्याने हरकत नाही असं लिहून खाली लिहिलं, वाल टोकले आहेत त्या तुकड्यात आल्यास हरकत.

गाव गोळा झालं. शाळेतले एक गुरुजीही होते. ते म्हणाले, यात नवीन काही नाही, ज्या 1895 साली विनोबा इथे जन्मले त्याच साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं होतं. त्या उड्डाणाची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या काळचा भरवशाचा कागद मात्र कुणाला दाखवता आलेला नाही. भाऊसाहेबांनी रिमोटवरून मान वर न करता विचारलं, ‘‘पंचनामा आहे?’’

गुरुजी म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘मग पुढे चला.’’

पहिल्या सकाळी मोटर किंचाळली आणि पाती आळसावल्यासारखी दोन वेढे फिरून थांबली. भाऊसाहेबांनी ‘कामचुकारपणा’ असा शेरा लिहिला. खरी गोष्ट अशी होती की मोटरीच्या दांड्यावर ते पितळी चाक घट्ट धरणारा बारका स्क्रू सैल झाला होता. दांड्यावर त्याच्यासाठी एक बाजू सपाट घासलेली असते, त्याच बाजूवर तो बसावा लागतो, आणि त्याला निळ्या द्रवाचा थेंब लागतो. शिफारस त्या दिवशी बंधनकारक झाली. परिपत्रकच निघालं म्हणा ना. त्यांनी एकूण एक स्क्रू काढून थेंब लावला. एक थेंब बेअरिंगमध्ये गेला आणि ते जाम झालं, तो वेगळा पंचनामा.

दुसऱ्यांदा मात्र ते उचललं. पायांना बांबूच्या कामट्यांची फुली बांधली होती आणि फुलीच्या टोकांना अंगणवाडीतून आणलेले प्लास्टिकचे चेंडू, म्हणजे कललं तरी उलटू नये. शिकाऊ लोक सगळीकडे असंच करतात. जमिनीपासून वीतभर उचललं, गावाने टाळी वाजवली, आणि पुढच्याच क्षणी ते मंगळागौरीच्या फुगडीसारखं स्वतःभोवती गरगरायला लागलं. त्या दिवशीचा दस्तऐवज माझ्याकडे आहे, त्यातला मजकूर देतो:

‘‘आम्ही खाली सही करणार पंच, मौजे गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड येथील भातखाचरात समक्ष हजर राहून पंचनामा करून देतो की, सदर हेलिकॉप्टर अंदाजे दीड फूट उंचीवर जाऊन स्वतःभोवती डावीकडे अतिवेगाने फिरले व बांधावर आदळले. घटनास्थळाची चतुःसीमा: पूर्वेस बांध, पश्चिमेस पायवाट, उत्तरेस राबाची जागा, दक्षिणेस म्हैस (तात्पुरती). नुकसान: मुख्य पाते एक, शेपटीचा दांडा वाकलेला, चेंडू दोन बेपत्ता. म्हशीचे नुकसान निरंक. सदर पंचनामा आम्हांस वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’’

मग चौकशी बसली. मुख्य पाती एका दिशेने फिरली की सांगाडा उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला अडवायला शेपटीचं पातं आणि शेपटीवर लक्ष ठेवायला गायरो. शेपूट जराशी जरी वळली तरी गायरोने ती उलट दिशेने सावरायची, एवढंच त्याचं काम. ते त्याने केलं की नाही? भाऊसाहेबांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं मोबाइलच्या टॉवरमुळे झालं. कुणी म्हणालं अमावास्या जवळ आहे. पंच क्रमांक दोनने विचारलं, पंखा उलटा नाय ना बसवला? त्याची ही शंका पुढे एकदा खरी ठरली, पात्याची धार पुढे आणि पाठ मागे अशी बसली होती, पण त्या दिवशी नव्हती. सुनावणी तहकूब होत होत आठवड्यावर गेली.

मध्येच शेजारची आठवीतली पोर आली. तिने हेलिकॉप्टर उचललं, बॅटरी लावली, नाक धरून हाताने शेपूट डावीकडे वळवली आणि शेपटीच्या पात्यांचा कोन कुठे जातो ते पाहिलं. मग उजवीकडे वळवली आणि परत पाहिलं.

‘‘आजोबा, हा सावरत नाहीये, ढकलतोय.’’

गायरोवर नखाएवढा खटका होता, उलट-सुलट करायचा. तिने तो सरकवला. भाऊसाहेब ताडकन उठले. ‘‘कोणाच्या आदेशाने?’’

पोर म्हणाली, ‘‘तुम्हीच द्या ना मग.’’

त्यांनी दिला. लेखी दिला, आणि मागच्या तारखेने.

त्यानंतर प्रत्येक पडझडीला पैसेवारी लागू झाली. महसूल खात्यात पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की दुष्काळी परिस्थितीची चर्चा सुरू होते. भाऊसाहेबांनी हेलिकॉप्टरला तोच निकष लावला. पाय वाकला, सत्तर पैसे. पातं फुटलं, पंचेचाळीस. धपकन उतरताना लवचीक झालेली पाती खाली झुकून स्वतःचीच शेपूट कापतात, हा या यंत्राचा जगप्रसिद्ध दुर्गुण आहे. तो घडला त्या दिवशी बत्तीस पैसे जाहीर झाले, आणि मुलाने मुकाट्याने पुण्याहून नवीन दांडा आणि पाती पाठवली. काकू म्हणाल्या, भातालासुद्धा इतक्या लवकर मदत आली नव्हती.

नवी पाती आली की त्यांचं वजन सारखं हवं. चिमूटभर फरक असला तरी पूर्ण सांगाडा थरथरतो, आणि थरथर सुरू झाली की गायरोलाही कळेनासं होतं की शेपूट वळली की नुसतीच कापली. भाऊसाहेब पाती वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने पेणला गेले आणि एका सराफाच्या काट्यावर ठेवली. सराफाने आधी ती पुसून पाहिली, मग विचारलं, ‘‘मोडीत काढायची का?’’ फरक निघाला तेवढी चिकटपट्टी हलक्या पात्याला लावली. पावती मागितल्यावर मात्र सराफाने नवीन गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का, हे तपासायचं काम सगळ्यांत नाजूक. एका पात्याच्या टोकाला लाल पट्टी, दुसऱ्याला पिवळी. वेगात फिरताना बाजूने डोळ्यांच्या रेषेत पाहायचं: एकच रेघ दिसली तर ठीक, दोन दिसल्या तर वर कोण आणि खाली कोण ते ओळखायचं, आणि वरच्याची जोडकाडी अर्धा फेरा फिरवून त्याचा कोन कमी करायचा. गावातला एकेक जण बघून गेला. कोणाला लाल वर दिसली, कोणाला पिवळी, एकाला हिरवी. शेवटी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारा एक जावई सुटीवर आला होता, त्याला बोलावलं. मूर्तीच्या दोन डोळ्यांची बुबुळं एका ओळीत आणणं हा ज्याचा पोटाचा धंदा, त्याने एक डोळा मिटला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, ‘‘पिवळं वर आहे. सूतभर.’’ जोडकाडी फिरवली. एक रेघ झाली. भाऊसाहेबांनी त्याला नारळ दिला आणि तज्ज्ञ साक्षीदार म्हणून नोंद घेतली.

हे सगळं दोरीच्या बाहेरून चालायचं. त्या बाबतीत भाऊसाहेब कोणाचं ऐकत नसत. हे यंत्र खेळणं दिसतं, पण पाती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतात. एवढ्या लांबीला पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातं. त्यांच्या फाइलीत अगदी वर एक कात्रण आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत 2021 च्या ऑगस्टमध्ये एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने बांधलेल्या, माणूस बसेल अशा खऱ्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. मागचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं आणि त्यात त्याचा जीव गेला. शिकला होता आठवीपर्यंत, हात वेल्डिंगवर बसलेला. त्या कात्रणाबद्दल भाऊसाहेब विनोद करत नाहीत, दुसऱ्याला करू देत नाहीत. कोणी पोर दोरीखालून आत आलं तर मोटर बंद, त्या दिवसाचं उड्डाण बंद. बॅटरीचंही तसंच. तीन खणांची 11.1 व्होल्टची ती लिथियमची बॅटरी चार्ज करताना चुकली तर फुगून पेटते, म्हणून ती अंगणात, काकूंच्या जुन्या माठात ठेवून चार्ज होते. माठाला गळती होती म्हणून तो निकामी ठरला होता. आता तो पुन्हा सेवेत आहे, कंत्राटी.

मला कधी कधी वाटायचं, या माणसाला उडवायचंच नाही, नुसता पडण्याचा छंद लागला आहे. पण तसं नव्हतं. एकदा पोपटीच्या रात्री, मडकं पालथं घालून वर पेंढा पेटवला होता आणि भांबुर्ड्याचा वास सुटला होता, तेव्हा ते सहज बोलून गेले. नोकरीत लागले तेव्हा त्यांच्याकडे एका बांधाचं भांडण आलं होतं. हातभर सरकलेला बांध. मोजण्या झाल्या, तक्रारी नोंद झाली, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, वर अपील. ज्यांनी भांडण सुरू केलं ते दोघंही वारले. भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा ते प्रकरण नव्या तलाठ्याला यादीसह सोपवून आले. ‘‘आणि इथं?’’ ते म्हणाले, ‘‘इथं स्क्रू सैल असतो. किंवा नसतो. सापडला की आवळायचा. पुढची तारीख नाही, वकील नाही, कोणाचा आज्या मध्ये येत नाही. सकाळी पडलं, संध्याकाळी निकाल. असला निकाल मी नोकरीत पाहिला नाही हो.’’ पंच क्रमांक दोन मडक्याकडे बघत बसला. तो बांध त्याच्या मामेभावाचा होता.

मुलाने एकदा फोनवर धीर द्यायला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत आर्थर यंग नावाच्या गृहस्थाने 1928 च्या सुमाराला हेलिकॉप्टरची लहान मॉडेलं करायला घेतली. बारा-तेरा वर्षं तो ती उडवत आणि मोडत राहिला. मुख्य पात्यांच्या खाली वजनाची आडवी काठी बसवली तेव्हा कुठे यंत्र हवेत स्थिर राहायला लागलं. 1941 मध्ये बेल कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि 1946 मध्ये त्याच्या बेल 47 ला अमेरिकेत पहिला नागरी परवाना मिळाला. भाऊसाहेबांनी परवान्याची गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, ‘‘बारा वर्षं? कोणी हरकत घेतली होती का?’’

आणि मग एका सकाळी ते उडालं.

नीट उडालं. जमिनीलगत पात्यांनी खाली दाबलेली हवा उसळून परत येते, तेवढ्या उंचीत यंत्र बिथरतं. तिथून भाऊसाहेबांनी ते धीराने वर काढलं, कमरेएवढं, मग डोक्याएवढं, आणि ते हवेत उभं राहिलं. नाक समोर, शेपूट आमच्याकडे. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात चुकतात, म्हणून ‘उलटतपासणी अद्याप नाही’ असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मिनिटभर, दीड मिनिट ते एकाच जागी गुणगुणत राहिलं. मग तसंच हळू खाली आलं आणि चेंडूंवर टेकलं. म्हैसदेखील पळाली नाही. पोरांनी आरडाओरडा केला, गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, काकू अंगणातून बघत होत्या त्या पदर खोचून आत गेल्या, साखर आणायला.

भाऊसाहेब कागद पुढे घेऊन बसले. ‘आम्ही खाली सही करणार पंच’ लिहिलं, चतुःसीमा लिहिली, नुकसानीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि पेन उचललं. बराच वेळ उचललेलं राहिलं.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘सुरळीत पार पडलं, हे कुठल्या नमुन्यात लिहायचं?’’ गाव नमुना एक ते एकवीस त्यांना पाठ आहेत. आकारणीचा आहे, फेरफाराचा आहे, थकबाकीचा आहे, झाडांचा आहे. काहीही न बिघडल्याचा नाही.

साखर वाटून झाली तरी ते खाचरातच उभे होते. परत एकदा उडवलं. परत नीट. तिसऱ्यांदा उडवताना मात्र गुडघ्यावर बसून बाजूने पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘झुकतंय.’’

‘‘कुठे?’’

‘‘उजवीकडे. सूतभर. आखणीवाल्याला बोलवा.’’

पोर पुढे आली. तिने एव्हाना मुलाशी बोलून बरंच काही शिकून घेतलं होतं. ‘‘आजोबा, ते तसंच असतं. शेपटीचं पातं सगळ्या यंत्राला डावीकडे ढकलत असतं ना, म्हणून एका जागी राहायला ते थोडं उजवीकडे कलतंच. मोठ्या हेलिकॉप्टरांचंही असंच असतं, कोणाचं उजवीकडे, कोणाचं डावीकडे. बिघाड नाहीये.’’

‘‘कोणाचा नाही?’’

‘‘कोणाचाच नाही.’’

‘‘म्हणजे आवळायला काही नाही?’’

‘‘नाही.’’

भाऊसाहेबांनी पुन्हा कागद ओढला. मला वाटलं निराश होतील. पण त्यांचं पेन आता भराभर चालत होतं. अर्धवट पंचनामा बाजूला सारून त्यांनी नवीन फाइलीचा पुठ्ठा घेतला, त्यावर ‘झुकाव प्रकरण’ असं लिहिलं आणि खाली मुख्य पातं, शेपटीचं पातं व मतलई वारा असे तीन पक्षकार घातले. पोरीचं म्हणणं त्यांनी जबाब म्हणून पूर्ण लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि सही घेतली. मग माझ्याकडे आणि पंच क्रमांक दोनकडे नोटीस सरकवली: पुढील सुनावणी रविवारी सकाळी साडेसहा वाजता, मौजे गागोदे बुद्रुक, त्याच खाचरात. पंचांनी वेळेवर हजर राहावे. म्हैस बांधून ठेवावी.